एका पैशाची दरी

मृगाचा पाऊस पडून एक-दोन दिवस उघडीप मिळाली की यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार सकाळी वावरात जातो, मूठभर काळी माती उचलतो आणि दाबून बघतो. चिखल बोटांना चिकटला तर घरी परततो. गोळा झाला आणि अंगठा लावताच मोकळा झाला, तर सरकी टोबायला मजूर सांगतो. याला आपण वाफसा म्हणतो. वाफशाला आकडा नाही. तो ‘येऊ लागलेला’ असतो, ‘बरा’ असतो, ‘उडून चाललेला’ असतो. बरडावर लवकर येतो, भारी जमिनीत उशिरा. एकाच वावरात वरच्या अंगाला आलेला असतो आणि नाल्याकडच्या तासांत नसतो. या जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर कपाशी उभी राहते ती अशा मोजमाप नसलेल्या शब्दाच्या भरवशावर, आणि बहुतेक वेळा तो शब्द दगा देत नाही.

त्याच वावराचं पुढे कागदावर काय होतं? खरीप सरत आला की गावागावांची पैसेवारी काढतात. आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि विदर्भात डिसेंबरअखेर अंतिम. आमच्या आधीची पिढी तिला आणेवारी म्हणायची. प्रमाण उत्पन्न म्हणजे १०० पैसे; त्याच्या तुलनेत यंदा किती आलं, ते पैशांत सांगायचं. गावाची पैसेवारी ५० च्या आत आली तर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. ती ५१ निघाली तर यातलं काहीच नाही. ४९ पैशांच्या गावात आणि ५१ पैशांच्या गावात पिकाचा फरक क्विंटलमागे दोन किलोंचा. कागदावर मात्र एक दुष्काळात आणि दुसरं सुकाळात.

मला जे म्हणायचं आहे ते या दोन दृश्यांच्या मधलं आहे. फजी लॉजिक आणि केस-बेस्ड रीझनिंग या दोन संगणकशास्त्रीय पद्धती शेतीत वापरायच्या म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कास्तकाराच्या हातातला मोबाइल येतो. त्याला सल्ला देणारं ॲप, त्याला शहाणं करणारं सॉफ्टवेअर. पण कास्तकार तसाच विचार पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. त्या पद्धतींची खरी गरज तहसील कचेरीला आहे.

फजी लॉजिकचा जनक लोत्फी झादे हा बाकूमध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत शिकवणारा विद्युत अभियंता. १९६५ साली त्याने एक निबंध लिहिला. गणितात एखादी वस्तू संचात असते किंवा नसते. झादे म्हणाला, ती ‘काही अंशी’ असू शकते. उंच माणसांच्या संचात साडेपाच फुटांचा माणूस ०.४ इतका असेल, सहा फुटांचा ०.९. ऐकायला पोरकट वाटतं, आणि तेव्हाच्या अनेक गणितज्ञांना तसं वाटलंही. इथे एक गल्लत नेहमी होते. ‘उद्या पाऊस येण्याची शक्यता ७० टक्के’ हे संभाव्यतेचं वाक्य आहे. उद्या संध्याकाळी ते खरं-खोटं होऊन संपतं. ‘ही माती ०.७ वाफशात आहे’ या वाक्यात अज्ञान कुठेच नाही. माती हातात आहे, सगळं दिसतं आहे, आणि तरीही ती पूर्ण ‘हो’ नाही आणि पूर्ण ‘नाही’ही नाही. धूसरता आपल्या माहितीत नसून वस्तूतच आहे, हे मान्य करणं एवढीच झादेची करामत. वाफसा शब्द घडवणाऱ्यांना ते मान्यच होतं.

या कल्पनेचा पहिला खरा उपयोग युरोपात झाला. १९७४-७५ च्या सुमारास लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानीने छोटं वाफेचं इंजिन अशा नियमांवर चालवून दाखवलं: दाब थोडा कमी असेल आणि हळूहळू वाढत असेल, तर आच किंचित वाढव. नियम समीकरणांचे नव्हते, इंजिन चालवणाऱ्या माणसाच्या बोलण्यातले होते. पाठोपाठ डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिथ कंपनीने सिमेंटच्या भट्टीसाठी हेच केलं. सिमेंटची भट्टी हा विचित्र प्राणी आहे. आत काय चाललं आहे त्याचं नेमकं गणित मांडता येत नाही, पण जुना भट्टीवाला ज्वाळेकडे बघून सांगतो की कोळसा कमी कर. त्याचं ते सांगणं नियमांत उतरवलं आणि भट्टी चालली. (आपल्या मुकुटबनला आता सिमेंटचा कारखाना उभा आहे, तिथल्या पोरांनी हा इतिहास जरूर वाचावा.) १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहराची भुयारी रेल्वे फजी नियंत्रणावर धावू लागली. ब्रेक लागताना उभ्या प्रवाशाला हिसका बसू नये, एवढं त्याचं कौतुक. मग कपडे धुण्याची यंत्रं आली, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या शहरी घरांतही ‘फजी लॉजिक’ असं छापलेलं यंत्र दिसू लागलं. कपडे किती, पाणी किती गढूळ, त्यावर धुण्याचा वेळ ठरायचा. म्हणजे साडीच्या मळकटपणाला जी समजूत मिळाली, ती तीस वर्षं झाली तरी पऱ्हाटीच्या नापिकीला मिळालेली नाही.

कोणी म्हणेल, सरकारी कामात असला उतार चालत नाही, तिथे रेघच लागते. मग कापूस खरेदी केंद्रावर चला.

१९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, तेव्हाचा ग्रेडर गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस काढून धाग्याची लांबी चिमटीत ओढून बघायचा, कवडी किती ते पाहायचा आणि दर्जा सांगून मोकळा व्हायचा. त्याच्याबद्दल बऱ्या-वाईट दोन्ही गोष्टी गावोगाव सांगितल्या जातात. आता भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर ओलावा यंत्राने मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत जसा ओलावा वाढेल तशी भावात कपात. १२ च्या वर खरेदी नाही. नीट पाहा, हा उतार आहे. ‘कोरडा’ या संचात ८ टक्क्यांचा कापूस पूर्ण बसतो, ९ चा थोडा कमी, ११ चा बराच कमी. फजी संचाची आकृती काढून दाखवायची तर पाठ्यपुस्तकात याहून सोपं उदाहरण मिळणार नाही. सरकारला उतार कळतो, तो अमलात आणता येतो, संगणकात भरता येतो, कास्तकाराला समजावूनही सांगता येतो. फक्त तो वजावटीच्या वेळी वापरला जातो. देण्याच्या वेळी कडा येतो, आणि कड्याखाली दरी.

असे कडे मोजायला लागलं की संपत नाहीत. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी; ६३ झाला तर नाही. पाऊस मोजणारं यंत्र मंडळात एका जागी, गावं डझनांनी, आणि इथला पाऊस कसा पडतो ते सगळ्यांना माहीत आहे: बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं. पिकाचं नुकसान ३३ टक्के झालं तर मदत. ३० टक्के झालं तर पंचनामाच सुरकुततो. २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य केली. चांगलं झालं, कारण काळ्या जमिनीत एका रात्रीच्या मुसळधारेपेक्षा आठवडाभराची झड जास्त वाईट. मुळं गुदमरतात, पऱ्हाटी पिवळी पडते. पण तिचीही कसोटी अशी: सलग ५ दिवस, दररोज किमान १० मिलिमीटर, आणि शिवाय सरासरीहून निम्म्याने जास्त. चार दिवस ३० मिलिमीटर पडून पाचव्या दिवशी ९ पडला, तर साखळी तुटली. धूसर गोष्ट ओळखायला निघालेल्या नियमानेच शेवटी पुन्हा करवत हातात घेतली.

पर्याय अवघड नाही. उदाहरणापुरतं धरू: ४० पैसे आणि त्याखाली असेल तर पूर्ण सवलत, ६० आणि त्यावर असेल तर शून्य, मधे सरळ उतार. ४९ च्या गावाला ५५ टक्के मिळेल, ५१ च्या गावाला ४५. तिजोरीवर बोजा वाढेल हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण उतार कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा हे ठरवून एकूण खर्च आहे तितकाच ठेवता येतो. पैसे वाढवा हा माझा मुद्दा नाही, वाटणीचा आकार बदला हा आहे. काही सवलतींना उतार लावता येत नाही, हे खरं. परीक्षा फी ४५ टक्के माफ करता येईल, पण टँकर ४५ टक्के येत नाही. तिथे रेघ राहू द्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रेघ आखली की निदान भांडण कमी होतं, साहेबाच्या मर्जीला वाव राहत नाही. ‘काही अंशी’ म्हटलं की प्रत्येक अंशासाठी ओळख आणि पाकीट लागेल. मी बराच काळ याच मताचा होतो. आता मला उलटं वाटतं. ५० पैशांच्या कड्यावर एका पैशाची किंमत अख्ख्या गावाची सगळी सवलत असते. तो एक पैसा इकडून तिकडे सरकवण्यासाठी म्हणूनच एवढा आटापिटा होतो: पुढाऱ्यांची निवेदनं, पीक कापणीच्या प्रयोगाला चांगलं शेत निवडलं की वाईट यावरून हाणामाऱ्या, वरून येणारे फोन. उतारावर एक पैसा सरकवला तर एका पैशाएवढाच फायदा, वरच्या उदाहरणात ५ टक्के. मोह नाहीसा होत नाही, पण त्याचा भाव पडतो. आणि लोकांना जी रेघ स्वच्छ वाटते ती आखली तरी अपारदर्शकपणेच जाते, कारण ५० पर्यंत पोहोचणारं गणित कोणाला दिसत नाही; दिसतो फक्त निकाल.

आता दुसरी पद्धत. केस-बेस्ड रीझनिंगचं मूळ येल विद्यापीठातल्या रॉजर शँकच्या माणसाच्या आठवणीवरच्या कामात आहे. त्याचं त्या विषयावरचं पुस्तक १९८२ चं. १९९४ मध्ये आमोट आणि प्लाझा या दोघांनी तिची चार पायऱ्यांत मांडणी केली: जुनं सारखं प्रकरण आठवायचं, त्याचं उत्तर वापरून बघायचं, चुकलं तिथे दुरुस्त करायचं, आणि झालेला नवा अनुभव पुन्हा साठवायचा. नियम पाठ करण्यापेक्षा ‘असंच मागे कधी झालं होतं?’ असं विचारणारी ही पद्धत. वकील पूर्वीचे निवाडे शोधतो, जुना मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून ‘तो नेरचा ट्रॅक्टर आठवतो का’ म्हणतो, ते हेच.

लाल्या घ्या. पऱ्हाटीची पानं लाल पडली एवढंच लक्षण. कारणं मात्र अनेक: मॅग्नेशियमची कमतरता, नत्र कमी पडणं, तुडतुडे, पाण्याचा ताण, बोंडं भरताना उतरलेली रात्रीची थंडी. बहुतेकदा दोन-तीन एकत्र. कृषी केंद्रवाला समोर असेल ती बाटली देतो. शेजारचा म्हातारा विचारतो, खालची पानं आधी लाल झाली की वरची? गेल्या साली याच वावरात तूर होती का? आणि मग सांगतो, अमक्याच्या वावरात असंच झालं होतं, त्याने अमुक फवारलं, काही झालं नाही. त्या शेवटच्या तीन शब्दांत सगळं मोल आहे.

महाराष्ट्रात ही आठवण संगणकात साठवायचा एक सुरेख प्रयत्न होऊन गेला. २००३ च्या आसपास आयआयटी मुंबईच्या मंडळींनी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राबरोबर ‘आक्वा’ नावाची सोय सुरू केली: शेतकऱ्याने मराठीत प्रश्न टाकायचा, तज्ज्ञाने उत्तर द्यायचं, आणि पुढच्या माणसाला आधीचे तसेच प्रश्न शोधता यायचे. त्याच्या पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, देशभर किसान कॉल सेंटर आलं. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्या तुटून पडल्या, त्यानंतर राज्याने क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण प्रकल्प उभा केला. ठरलेल्या शेतांत कीड मोजून दर आठवड्याला नोंदी होतात आणि त्यावरून सल्ला निघतो. म्हणजे आपल्याकडे प्रकरणांचा साठा नाही असं म्हणता येत नाही. डोंगर आहे. पण तो सल्ल्यांचा डोंगर आहे, परिणामांचा नाही. फोन केला, उत्तर मिळालं, फोन ठेवला. पंधरा दिवसांनी ‘दादा, त्या फवाऱ्याने फरक पडला का?’ असं विचारणारा उलटा फोन येत नाही. चारपैकी शेवटच्या दोन पायऱ्याच गायब. ‘काही झालं नाही’ हे तीन शब्द कुठल्याच तक्त्यात जाऊन बसत नाहीत.

या उणिवेची किंमत २०१७ मध्ये कळली. त्या वर्षी कपाशी डोक्यावर गेली होती, गुलाबी बोंडअळीला बीटी बियाण्याचा धाक उरला नव्हता, आणि लोक दोन-तीन औषधं एकत्र करून दमट हवेत फवारत होते. उंच झाडावर मारलेला फवारा उलटून तोंडावर येत होता. जिल्ह्यात शेकडो माणसं विषबाधेने दवाखान्यात दाखल झाली, वीसहून अधिक दगावली. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या विषाची लक्षणं पुस्तकात आहेत आणि ॲट्रोपिन हा इलाजही आहे. पण मिश्रणात वेगळ्या गटाचं कीटकनाशक असलं तर पुस्तकातला नियम अडखळतो. काही नव्या औषधांना उताराच नाही. अशा वेळी डॉक्टरला आधीचा रुग्ण उपयोगी पडतो: काय काय मिसळलं होतं, किती तास फवारलं, डोळ्यांना काय झालं, कशाने सुधारला, कशाने नाही. यवतमाळच्या सरकारी रुग्णालयातल्या पहिल्या पंधरवड्याची ही आठवण आर्णी, घाटंजी, मारेगावच्या आरोग्य केंद्रांत दुसऱ्या पंधरवड्यात उघडता आली असती, तर ते केस-बेस्ड रीझनिंग. त्याला महासंगणक लागत नाही. वीस रकान्यांचा नीट भरलेला तक्ता आणि ‘जवळचं प्रकरण’ शोधणारा छोटा प्रोग्रॅम पुरतो. झादे त्याच हंगामात, ६ सप्टेंबर २०१७ ला, ९६ व्या वर्षी वारला. दोन गोष्टींचा संबंध काहीच नाही, पण तारीख पाहिली तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

सगळ्यात अवघड साठा जिल्हाधिकारी कचेरीत आहे. शेतकरी आत्महत्येची मदत १ लाख रुपये, आणि २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे ती मिळायला नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा ही कारणं सिद्ध व्हावी लागतात. जमीन स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. समिती बसते आणि शिक्का मारते: पात्र किंवा अपात्र. माणसाच्या शेवटच्या निर्णयाची कारणं दोन खणांच्या पेटीत बसवायची. इथे मी उतार सुचवणार नाही. कोणाच्या मरणाला ०.६ शेतकरी आत्महत्या म्हणणं मला सहन होणार नाही, आणि त्याच्या बायकोला तर नाहीच.

इथे उपयोग दुसऱ्या पद्धतीचा आहे, आणि तोही जपून. वर्षानुवर्षांचे चौकशी अहवाल गठ्ठ्यांत बांधलेले आहेत. कोणतंही प्रकरण दुसऱ्याशेजारी ठेवून कोणी वाचत नाही. समितीपुढे नवी फाइल आली की सॉफ्टवेअरने सर्वात जवळची पाच जुनी प्रकरणं समोर ठेवावीत: या चारांत पात्र ठरवलं होतं, मग हे अपात्र का? उत्तर लेखी द्यावं लागेल. निर्णय माणसांचाच.

जपून अशासाठी, की आठवण न्यायी असतेच असं नाही. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, म्हणून राबणारी बाई ‘शेतकरी’ ठरली नाही. ठेक्याने वावर करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. झरी जामणी, केळापूरकडचा कोलाम कास्तकार जंगलालगतच्या जमिनीवर पोट भरतो आणि त्याचा कागद पूर्ण होत नाही. ही प्रकरणं जुन्या साठ्यात ‘अपात्र’ म्हणून पडली असतील, तर यंत्र उद्याच्या तशाच फाइलला इमानेइतबारे ‘अपात्र’चेच शेजारी दाखवेल. साम्य कशात मोजायचं हाच इथे खरा प्रश्न आहे: उताऱ्यावरच्या नावात, की हातावरच्या घट्ट्यांत? तो संगणकाला विचारून सुटत नाही. पण यंत्र वापरायचं ठरवलं की तो उघडपणे ठरवावा लागतो, कागदावर लिहावा लागतो. आज तो समितीच्या खोलीत न उच्चारता ठरतो.

हे सगळं जुनाट वाटेल. राज्याने २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण आणलं, ‘महाविस्तार’ ॲप आलं, सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढून ते मोजणारी ॲपं आधीपासून आहेत. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री सापळ्यात ८ पतंग हा इशारा मोजायला ती चांगलीच. माझा आग्रह जुन्या पद्धतींसाठी आहे तो वेगळ्या कारणाने. आजचं मोठं यंत्र उत्तर देतं, पण ते कसं आलं हे तलाठ्याला सांगता येत नाही, कलेक्टरला नाही आणि बनवणाऱ्यालाही नीट नाही. फजी नियम मराठीतलं वाक्य असतं: ‘झड लांबली, जमीन भारी, वावर नाल्याकाठी, तर नुकसान बरंच.’ हे ग्रामसभेत वाचून दाखवता येतं. कोणी म्हातारी उठून म्हणू शकते, सोयाबीनला हे खरं, तुरीला नाही, तुरीचं वेगळं लिहा. नियम बदलता येतो.

सुरुवात करायला टेंडर काढायची गरज नाही. जिल्ह्यात दोन हजारांहून अधिक गावं आहेत. सोळाही तालुक्यांच्या गेल्या दहा वर्षांच्या अंतिम पैसेवाऱ्या एका तक्त्यात भरा आणि कोणत्या आकड्यावर किती गावं आली त्याचा आलेख काढा. वावरं सरकारी रेघेला ओळखत नाहीत, तेव्हा ५० जवळ आलेखाने मान वाकडी करायचं काही कारण नाही. ४८-४९ वर गर्दी दिसली तर गावकीने जोर लावला असं समजू. ५१-५२ वर दिसली तर कचेरीने. आणि कुठेच गर्दी दिसली नाही, तर मोहाबद्दल वर जे लिहिलं ते मी मागे घेईन. उताराबद्दल लिहिलेलं मात्र नाही.